रिचर्ड माइनर्ट्झहागन
रिचर्ड माइनर्ट्झहागन (३ मार्च, १८७८ - १७ जून, १९६७) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीशास्त्रज्ञ होते. पक्ष्यांच्या नेहमीच्या प्रदेशाबाहेरील दुर्मीळ नोंदींसाठी ते हयातीत नावाजले गेले. मृत्यूनंतर याच नोंदींपैकी अनेक बनावट ठरल्या. महाराष्ट्रातील रानपिंगळ्याच्या शोधाशी त्यांचे नाव या कारणाने जोडले गेले आहे.

जीवन

लंडनमधील एका धनाढ्य बँकव्यावसायिकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. समाजशास्त्रज्ञ बिॲट्रिस वेब या त्यांच्या मावशी. १८९९ मध्ये ते सैन्यात दाखल झाले व भारतात आले. पुढे पूर्व आफ्रिकेत असताना त्यांनी मिळवलेल्या नमुन्यांवरून महाकाय रानडुकराच्या एका नव्या प्रजातीला त्यांचे नाव देण्यात आले. १९०५ मध्ये नांदी जमातीचे नेते कोइतालेल अराप सामोई यांना तहाच्या भेटीच्या वेळी त्यांनी ठार केले. चौकशीत ते निर्दोष ठरले, तरी हा डाग कायम राहिला. पहिल्या महायुद्धात ते पॅलेस्टाईन आघाडीवर गुप्तवार्ता विभागात होते. १९२१ मध्ये त्यांनी पक्षीशास्त्रज्ञ ॲन कॉन्स्टन्स जॅक्सन यांच्याशी विवाह केला. १९२८ मध्ये रिव्हॉल्व्हरची गोळी लागून ॲन यांचा मृत्यू झाला. तो अपघात मानला गेला, मात्र काही चरित्रकारांनी त्याविषयी शंका घेतली आहे.

पक्षीशास्त्र

१९२५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्ष्यांसाठी दूरवर प्रवास केला. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत सलीम अली त्यांच्यासोबत होते. 'बर्ड्स ऑफ अरेबिया' (१९५४) हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आपला सुमारे २०,००० पक्षीनमुन्यांचा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. याच संग्रहालयाने नमुने परवानगीशिवाय बाहेर नेल्याबद्दल त्यांना काही काळ प्रवेशबंदी केली होती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रानपिंगळ्याचे प्रकरण

पक्ष्याचा नमुना जतन करताना कापूस भरण्याची, टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची पद्धत वेगळी असते. त्यामुळे चिठ्ठी बदलली तरी नमुना कोणी तयार केला हे उलगडू शकते. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी रेडपोल या लहान पक्ष्याचे माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहातील नमुने तपासून चोरी व खोट्या चिठ्ठ्या उघडकीस आणल्या.

रानपिंगळ्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्याचे जेमतेम सात नमुने ठाऊक होते. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने काही नमुने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवले होते. त्यानंतरचा एकमेव नमुना माइनर्ट्झहागन यांचा होता. तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते. पक्षी मात्र अनेकांनी शोधूनही सापडेना. सलीम अली व डिलन रिप्ले यांचाही शोध व्यर्थ गेला.

अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या नमुन्याची क्ष-किरणांसह तपासणी केली. तो मुळात डेव्हिडसन यांचा असून संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता. मांडवीची नोंद अशी बाद झाली आणि जुन्या, खऱ्या नोंदींची ठिकाणे तेवढी उरली. पूर्वेकडील ठिकाणी हाती काही लागले नाही. पण २५ नोव्हेंबर, १९९७ रोजी शहाद्याजवळ (तेव्हाचा धुळे, आताचा नंदुरबार जिल्हा) रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. अखेरच्या खऱ्या नमुन्याला तेव्हा ११३ वर्षे झाली होती. पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

माइनर्ट्झहागन यांच्या सर्वच नोंदी खोट्या नव्हत्या. परंतु खऱ्या कोणत्या हे वेगळे काढणे अवघड असल्याने २००५ च्या 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' या ग्रंथात केवळ त्यांच्या साक्षीवर आधारलेल्या नोंदी ग्राह्य धरलेल्या नाहीत.