‘फ्युचुरा’चे शिल्पकार पॉल रेनर

‘अपोलो ११’ मोहिमेतील चांद्रयानावर बसविलेली धातूची पाटी १९६९ पासून चंद्रावरच आहे. तिच्यावरील मजकूर ‘फ्युचुरा’ या इंग्रजी अक्षरवळणात कोरलेला आहे. हे वळण घडविणारे जर्मन चित्रकार पॉल रेनर त्यापूर्वी तेरा वर्षे निवर्तले होते.

९ ऑगस्ट १८७८ रोजी वेर्निगेरोडे येथे जन्मलेले रेनर १९०७ पासून म्युनिकच्या गेऑर्ग म्युलर प्रकाशनासाठी पुस्तकांची मांडणी करू लागले. नव्या वळणाची आखणी त्यांनी हाती घेतली तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटली होती. १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बावर ओतशाळेने फ्युचुराचे खिळे बाजारात आणले. नावातच भविष्य होते. अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत, ‘ए’ आणि ‘एन’ची टोके भाल्यासारखी अणकुचीदार, ‘ओ’ जणू पूर्ण वर्तुळ. त्यामुळे ही अक्षरे केवळ कंपास व पट्टीने आखली असावीत, असा समज होतो. तो खरा नाही. गोलाई उभ्या दांड्याला मिळते तेथे रेनर यांनी रेघ बारीक केली. अन्यथा छापल्यावर त्या सांध्यापाशी काळा डाग दिसला असता. मोठ्या अक्षरांची प्रमाणे त्यांनी प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतली. आरंभीच्या आराखड्यात लहान ‘आर’ म्हणजे एक दांडा आणि शेजारी सुटा ठिपका होता. असे प्रयोग मागे पडले, हे फ्युचुराच्या पथ्यावरच पडले. पुढे फोक्सवॅगनच्या १९५९ नंतरच्या गाजलेल्या अमेरिकी जाहिराती याच वळणात छापल्या गेल्या, आणि आयकियानेही २००९ पर्यंत त्याला अंतर दिले नाही.

रेनर यांच्या वाट्याला मात्र कठीण दिवस आले. त्या काळी जर्मनीत जुनी, कोनदार ‘फ्राक्टुर’ अक्षरे हा राष्ट्राभिमानाचा विषय होता. म्युनिकच्या मुद्रण विद्यालयाचे प्रमुख असलेले रेनर रोमन अक्षरांचे पुरस्कर्ते. नव्या कलेवर सांस्कृतिक बोल्शेविकवादाचा शिक्का मारणाऱ्या नाझींना उत्तर देणारी पुस्तिका त्यांनी १९३२ मध्ये लिहिली. ती स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध करावी लागली. मार्च १९३३ मध्ये त्यांचे सहकारी यान चिखोल्ड यांना अटक झाली, एप्रिलमध्ये खुद्द रेनर यांना. लवकरच त्यांची सुटका झाली. पद मात्र गेले.

आठच वर्षांनी, जानेवारी १९४१ मध्ये, नाझी पक्षाने फ्राक्टुरला ज्यूंची अक्षरे ठरवून रोमन वळण सक्तीचे केले. ज्या मताची किंमत रेनर यांनी मोजली, तेच आता सरकारी धोरण झाले होते. त्यांना विद्यालयात परत बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. या काळात त्यांनी मुद्रणकलेवर आणि पुढे रंगसंगतीवर ग्रंथ लिहिले. २५ एप्रिल १९५६ रोजी कॉन्स्टन्स सरोवराजवळील ह्योडिंगेन येथे त्यांचे निधन झाले.