राजाची मूत्रपिंडे आणि उभे राहिल्यावर दुखणारे डोके

डिसेंबर १५८६. आज बेलारूसमध्ये असलेल्या ग्रोद्नो गावी पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी कडाक्याच्या थंडीत शिकारीहून परतला आणि आजारी पडला. छातीत दुखू लागले, धाप लागू लागली, मधूनमधून शुद्ध हरपू लागली. १२ डिसेंबरला तो गेला. वय अवघे ५३.

बाथोरी जन्माने पोलिश नव्हता. २७ सप्टेंबर १५३३ रोजी ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका हंगेरियन सरदार घराण्यात तो जन्मला. बाप लहानपणीच वारला. तरुणपणी वकिलातीच्या कामासाठी गेला असता सम्राटाने त्याला सुमारे दोन वर्षे अडकवून ठेवले. १५७१ मध्ये तो ट्रान्सिल्व्हेनियाचा राज्यकर्ता झाला. पोलंडमध्ये तेव्हा सरदार-उमराव राजा निवडून देत. त्यांनी बाथोरीला निवडले, पण अट घातली ती आन्ना यागिएलोनशी लग्न करण्याची. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी होती. १ मे १५७६ रोजी क्राकोला त्याचा राज्याभिषेक झाला. इकडे तेव्हा अकबराचे राज्य होते.

पुढची दहा वर्षे त्याने खोगिरावरच काढली म्हणायला हरकत नाही. रशियाच्या झार इव्हानविरुद्ध त्याने तीन मोहिमा काढल्या. १५७९ मध्ये पोलोत्स्क घेतले, नंतर वेलिकिये लुकी. प्स्कोव्हला वेढा पडला. शहर पडले नाही, पण जानेवारी १५८२ च्या तहात इव्हानला लिव्होनियावर पाणी सोडावे लागले. मोहिमांच्या त्याच धामधुमीत, १५७९ मध्ये, त्याने विल्नियस विद्यापीठाची सनद दिली. मूत्रपिंडात गाठी वाढत असताना माणूस इतका धडधाकट कसा, असे कुणालाही वाटेल. पण या आजाराची रीतच तशी आहे. पहिली तीस-चाळीस वर्षे बहुतेकांना काही जाणवतच नाही.

राजाच्या उशाशी बुचेल्ला आणि सिमोनी हे दोन इटालियन वैद्य होते. दोघांचे आपसात पटत नव्हते. राजा गेल्यावर निदान कुणाचे चुकले, उपचार कुणाचे चुकले यावर त्यांनी छापील पुस्तिकांतून एकमेकांची उणीदुणी काढली. खरे उत्तर सापडले ते एका शल्यचिकित्सकाला. मृतदेह टिकवण्यासाठी उघडताना यान झिगुलित्सला राजाची मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि उंचसखल दिसली. उपमा अचूक होती. बैलाचे मूत्रपिंड मुळातच अनेक गोळे जोडल्यासारखे असते. माणसाचे गुळगुळीत आणि जेमतेम दीडशे ग्रॅमचे. वैद्यकाच्या इतिहासात पॉलिसिस्टिक किडनीचे हे सर्वांत जुने वर्णन मानले जाते.

झिगुलित्सला दिसली ती मूत्रपिंडे. पण दोष जनुकात असतो, आणि ते जनुक शरीरात इतरत्रही काम करते. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. पाण्याच्या गाठी यकृतात होतात, क्वचित मेंदूच्या आवरणातही. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाला फुगे येऊ शकतात, हे १९९० च्या दशकात नीट लक्षात आले. बहुतेक फुगे आयुष्यभर गप्प राहतात. एखादा झिरपू लागला की मात्र मेंदूभोवतीचे पाणी कमी होते. हे पाणी सगळे मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास. मेंदू त्यावर तरंगतो. पाणी घटले की उभे राहिल्यावर तो खाली ओढला जातो. डोके दुखते ते उठल्यावर, आणि आडवे झाले की थांबते. सोबत मान आखडणे, कानात आवाज, कधी एकाचे दोन दिसणे.

असे डोके दुखणे ‘बीपीचे’ किंवा ‘अर्धशिशीचे’ म्हणून वर्षानुवर्षे काढले जाते. या आजारात रक्तदाब खरोखरच वाढलेला असतो, त्यामुळे गल्लत सहज होते. मग दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आधीच दुबळ्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. डोके झोपल्यावर थांबते की नाही, एवढे डॉक्टरांना सांगितले तरी तपासाची दिशा बदलते. एमआरआयमध्ये गळतीच्या खुणा सहसा दिसतात. उपचार विश्रांतीपासून सुरू होतात. त्याने भागले नाही तर रुग्णाचेच थोडे रक्त कण्यातल्या आवरणाबाहेर टोचून गळती बुजवतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

एक डोकेदुखी मात्र वेगळी. या रुग्णांपैकी शंभरात आठ-दहा जणांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असतो. घरात कुणाला मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर धोका आणखी जास्त. क्षणात वीज कोसळावी तसे, आयुष्यात कधी दुखले नाही इतके डोके दुखले, तर झोपून बघायचे नाही. थेट रुग्णालय गाठायचे आणि किडनीच्या आजाराबद्दल आधी सांगायचे.