राजा रविवर्मा आणि आमच्या घरची लक्ष्मी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझी नजर देवघरातल्या तसबिरीकडे गेली. राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीची ती छापील प्रत. आजेसासूबाईंनी तिला मागून मांजरपाट लावून लक्ष्मीच्या लुगड्याचे काठ कलाबतूने भरले होते व दागिन्यांवर मोती आणि टिकल्या बसवल्या होत्या. गेल्या दिवाळीत काच तडकलेली व जर काळवंडलेली पाहून मी ती विसर्जनाला काढली होती. सांगताना संकोच वाटतो. पण तो बेत मी का सोडला, ते या चरित्रातच आहे.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांकडून मिळाले. तैलरंगांची रीत त्या वेळी आपल्याकडे नवी होती. दरबारात आलेल्या युरोपीय चित्रकाराचे काम पाहून व स्वतः धडपडून त्यांनी ती आत्मसात केली. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. ते चित्र होते केस सजवणाऱ्या एका नायर स्त्रीचे.

१८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना पौराणिक प्रसंगांवरील १४ चित्रे काढण्यास सांगितले. मग प्रश्न उभा राहिला, सीतेला आणि दमयंतीला नेसवावे काय? प्रांतोप्रांतीची नेसण वेगळी. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन ते उत्तर हिंदुस्थानात हिंडले. साऱ्या देशाला आपला वाटेल असा एकच प्राचीन पोशाख मात्र त्यांना सापडला नाही. जुन्या शिल्पांतील वस्त्रे पाहावीत, तर ती त्या काळच्या घरंदाज मर्यादेत बसत नव्हती. शेवटी त्यांनी डोळ्यांसमोर वावरणाऱ्या स्त्रियांचीच लुगडी, चोळ्या आणि दागिने निवडले. त्यांच्या अनेक नायिकांची नेसण आपल्या महाराष्ट्रातील नेसणीजवळची आहे, ती अशी.

१८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्याही घरी त्यामुळे देव पोहोचले. धंद्यात मात्र खोट आली व छापखाना एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा निवर्तले.

म्हणजे चित्रातली सीता पाहून त्रेतायुगात अशीच लुगडी होती, असे आपण मानू नये. तिच्या अंगावर आहेत ते एकोणिसाव्या शतकातल्या बायकांचे रेशीम आणि काठ. हे लक्षात आले आणि मी आमच्या तसबिरीकडे नव्याने पाहिले.

आपल्या बोईसरवरून जाणारी रेल्वे पुढे बडोद्याला जाते. यंदा उन्हाळ्यात मी तिथल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन मूळ चित्रे पाहिली. रंगाच्या बारीक ठिपक्यांनी त्यांनी जरीचा झळाळ आणला आहे. छापील प्रतीत तो उतरत नाही. आजेसासूबाईंनी तो सुईने परत आणला होता! घरी येऊन तसबीर उलटी केली. जाड कलाबतू कागदातून ओढली तर कागद फाटेल, म्हणून ती वरच्यावर ठेवून बारीक रेशमी धाग्याने टाके घालत त्यांनी ती बसवली होती. उलट्या बाजूला फक्त त्या रेशमाचे इवलेसे टाके दिसतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली, हे विचारायला आता घरात कोणी उरलेले नाही.

चित्राखाली रविवर्मांचे नाव छापलेले आहे. टाके घालणारीचे नाव कुठेच नव्हते. काच बदलताना पाठीमागच्या पुठ्ठ्यावर ते मी माझ्या हाताने लिहिले.

बेटेगावातल्या माझ्या भगिनींना एवढीच विनंती, की जुने लुगडे बोहारणीला देण्यापूर्वी एकदा उलटून पाहावे आणि ते कोणाचे, त्यावरचे काम कोणाच्या हातचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. रविवर्मांना देशभर हिंडून जे शोधावे लागले, त्यातले थोडेसे आपल्याच पेटीत असेल.