वालचंदशेठ आणि वजनाचं गणित

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगर, लासुर्णे मागे टाकून जंक्शनचा फाटा लागतो आणि तिथून पुढे वालचंदनगर. आपल्यापैकी बरेच जण तिथे इंडस्ट्रियल व्हिजिटला जातात, काहींना इन-प्लांट ट्रेनिंग मिळतं, काहींचे वडील, चुलते, मामा तिथेच नोकरीला होते. पण ज्यांच्या नावाने हे गाव वसलं ते वालचंद हिराचंद नेमके कोण, असं विचारलं तर ‘साखर कारखानावाले शेठ’ यापलीकडे उत्तर येत नाही. खरं तर या माणसाने रेल्वे, बोगदे, पाइप, जहाज, विमान आणि मोटार एवढ्या सगळ्यांत हात घातला. इंजिनिअरिंगची डिग्री सोडा, साधी पदवीही त्यांनी पूर्ण केली नव्हती. तरी आपण मटेरियल सायन्सच्या पेपरात जे लिहितो ते त्यांना आयुष्यभर पैसे मोजून शिकावं लागलं. वस्तू कशाची बनवली यावर तिचं वजन ठरतं, वजनावर तिचं काम ठरतं, आणि या दोन्हींवर तिची खरी किंमत.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरकडचं, जैन, आडनाव दोशी. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार. मुलाने मुंबई-पुण्यात कॉलेज केलं, ते अर्धवट सोडलं आणि घरच्या पेढीवर बसला. पण पेढीत जीव रमेना. त्याच सुमारास लक्ष्मण बळवंत फाटक नावाच्या रेल्वेतल्या एका कारकुनाशी गाठ पडली. फाटकांना कामाची माहिती होती, भांडवल नव्हतं. वालचंदांकडे पैसा उभा करायची ताकद होती, कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागीदारी केली आणि ठेकेदारीला सुरुवात झाली.

पहिलं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं. ही रेल्वे १८९७ साली सुरू झाली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. त्याची कल्पना साधी होती. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. असं केलं की यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ चालतो, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो आणि एकूण लाइन स्वस्त होते. जिथे मोठी रेल्वे परवडली नसती तिथे ही पोचली. तरुण वालचंदांनी माती टाकता टाकता हे जवळून पाहिलं.

पुढे कामं मोठी होत गेली. भोर घाटात रेल्वेसाठी बोगदे खोदले. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांचं काम केलं. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही निघाली.

हा ह्यूम पाइप आपण रोज पाहतो. रस्त्याखाली ओढ्याचं पाणी काढायला टाकलेली ती सिमेंटची जाडजूड नळी. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाने १९१० साली ती पद्धत शोधली. आत लोखंडी सळ्यांचा पिंजरा ठेवायचा, साचा जोरात फिरवायचा आणि काँक्रीट आत सोडायचं. फिरण्याच्या जोराने काँक्रीट भिंतीला दाबून बसतं, पाणी बाहेर पडतं आणि नळी घट्ट होते. ओतीव लोखंडाच्या पाइपपुढे ही वजनाला भारी, पण तिला गंज चढत नाही आणि वाळू, खडी इथलीच. अडचण एकच, एवढं वजन लांब न्यायचं म्हणजे भाडंच डोईजड होतं. म्हणून एकाच ठिकाणी प्रचंड कारखाना काढण्यापेक्षा कामाच्या जवळ ठिकठिकाणी कारखाने काढणं सोयीचं. या कंपनीचे देशभर कारखाने झाले ते उगाच नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ, ती म्हणजे जहाज.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. रेल्वेच्या प्रवासात वालचंदांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायचं आहे. नाव ‘लॉयल्टी’. हे जहाज १८९१ साली इंग्लंडमध्ये बॅरो इथे बांधलेलं, पोलादी, तेव्हाचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनडाच्या कंपनीकडून ते पॅसिफिक महासागरात व्हँकुव्हर ते जपान-हाँगकाँग अशा फेऱ्या करायचं. युद्धात महाराजांनी ते विकत घेऊन त्याचं इस्पितळ-जहाज केलं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांना बरोबर घेतलं, जहाज विकत घेतलं आणि १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. कंपनीचं नाव सिंदिया पडलं ते या शिंद्यांवरूनच. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस १९६४ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इथवरची गोष्ट भाषणात नेहमी सांगतात. पुढची सांगत नाहीत. ‘लॉयल्टी’ने पैसा मिळवून दिला नाही, उलट खाल्ला. का, ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढंच त्याचं एकूण वजन, हा आर्किमिडीजचा नियम सातवीत झाला. या एकूण वजनात चार वाटेकरी असतात: जहाजाचं अंग, इंजिन-बॉयलर, कोळसा आणि माल. भाडं मिळतं ते फक्त चौथ्याचं. पहिले तीन जितके जड तितका चौथा कमी. म्हणून जहाज कशाचं बांधायचं याला एवढं महत्त्व. आपल्या मुंबईत वाडिया घराण्याने सागवानी जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे. सागवान दोनशे वर्षं टिकतं, पण लाकडाचं अंग जाड लागतं आणि फार लांब जहाज लाकडात बांधलं तर ते लाटांवर वाकतं, सांधे सुटतात. मग लोखंड आलं, त्यानंतर पोलाद. तेवढ्याच मजबुतीला पोलादाचा पत्रा पातळ चालतो, म्हणजे अंग हलकं आणि मालाला जागा जास्त.

‘लॉयल्टी’चं अंग पोलादाचंच होतं, त्यात खोट नव्हती. पण ती टपाल आणि प्रवासी नेणारी वेगवान बोट म्हणून आखलेली. वेग वाढवायचा तर इंजिनाची ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. म्हणजे मोठे बॉयलर, कोळशाचे डोंगर, आणि मालाला जागा उरते थोडी. शिवाय वय अठ्ठावीस, दुरुस्तीचा खर्च वेगळाच. घेताना परवडलेली वस्तू वापरताना महाग पडली. १९२३ साली ‘लॉयल्टी’ भंगारात निघाली.

आज धरणांच्या पाण्यात कयाक नावाची निमुळती होडी चालवतात, तिचंही असंच. साच्यात फिरवून केलेली प्लॅस्टिकची होडी स्वस्त, दगडावर आपटली तरी फुटत नाही, पण जड आणि थोडी लवचिक, त्यामुळे वेगात मागे पडते. फायबर ग्लासची हलकी आणि ताठ, वल्हं मारलं की सरळ पळते, पण आपटली की तडा जातो, आणि किंमतही जास्त. कार्बन फायबरची त्याहून हलकी आणि खिशाला त्याहून भारी. यातली चांगली कुठली? जिथे चालवायची त्या पाण्यावर आणि चालवणाऱ्यावर ते ठरतं. ‘लॉयल्टी’ वाईट नव्हती, चुकीच्या कामाला जुंपली गेली होती.

वालचंदांनी जहाज गमावलं, धंदा सोडला नाही. सिंदियाने मालवाहू जहाजं घेऊन किनाऱ्यावरची वाहतूक धरली. समोर होती लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी. तिने भाडं इतकं पाडलं की नव्या कंपनीने तोटा खाऊन मरावं. शिवाय व्यापाऱ्यांना अशी सूट द्यायची की ती हातात पडायची नंतर, आणि तीही मधल्या मुदतीत दुसऱ्याच्या जहाजात माल टाकला नाही तरच. याच पद्धतीच्या लढाईत १९०६ साली तुतिकोरिनला चिदंबरम पिल्ले यांनी काढलेली स्वदेशी जहाज कंपनी बुडाली होती. सिंदिया बुडाली नाही. १९२३ मध्ये दोन कंपन्यांत करार झाला. त्यात सिंदियाने किती टनांपर्यंत वाढायचं याला मर्यादा घातली होती. वालचंदांना तो मनापासून पटणारा नव्हता, पण कंपनी जिवंत राहिली. १९२९ साली ते तिचे अध्यक्ष झाले.

१९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं आणि ऊस हा हुकमी धंदा झाला. नाशिक जिल्ह्यात रावळगावला त्यांची शेती आधीच होती. आता नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेती, मग साखर कारखाना आणि कामगारांसाठी अख्खं गाव उभं राहिलं. तेच वालचंदनगर. कारखान्याबरोबर दुरुस्तीचं वर्कशॉप आलं, आणि हे वर्कशॉप पुढे मूळ कारखान्यापेक्षा मोठं झालं.

त्याच काळात त्यांच्या डोक्यात दोन वेडं होती. एक विमानाचं. १९३९ साली विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाची भेट झाली, आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. १९४१ मध्ये तिथून पहिलं हार्लो विमान उडालं. पण युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने कारभार आपल्याकडे घेतला. आपल्या कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे तिथेच काम करत होते. त्यांचं संपूर्ण धातूचं एचटी-२ विमान १९५१ साली उडालं. आजचं एचएएल ते हेच.

दुसरं वेड जहाज बांधण्याचं. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी तिथे बाँब टाकले आणि काम खोळंबलं. शेवटी १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. आठ हजार टनांची. स्वतंत्र देशाचं आपल्या घरी बांधलेलं ते पहिलं मोठं आगबोटीचं जहाज. आनंद मोठा होता, पण हिशोब कडू होता. इंग्लंडमधल्या जुन्या यार्डात तसंच जहाज स्वस्तात व्हायचं. पोलादाचे पत्रे सहज मिळत नव्हते, इंजिन बाहेरून आणायचं, कारागीर शिकवून तयार करायचे. पहिल्या जहाजाचा खर्च हा निम्मा शिकण्याचाच खर्च असतो आणि तो एकट्या कंपनीला पेलणारा नव्हता. १९५२ साली कारखाना सरकारकडे गेला, हिंदुस्तान शिपयार्ड झाला.

मोटारीचं तेवढं त्यांच्या हयातीत जमलं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९४७ साली कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिचीच पुढची पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

१९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतलं आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. ‘लॉयल्टी’ निघाल्याच्या तारखेला तेव्हा चौतीस वर्षं आणि तीन दिवस झाले होते. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

जहाज आणि विमान, दोन्ही हातातून गेलं म्हणून कुणी त्यांना अपयशी म्हणेल. पण वालचंदनगरचं वर्कशॉप बघा. उसाचे रस काढणारे गिरणीचे रूळ घडवता घडवता तिथल्या लोकांना जाड धातू कापणं, वाकवणं, जोडणं जमलं. तिथे नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स झाले. इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंग झाल्या. जुलै २०२३ मध्ये चंद्रयान-३ ला उचलणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंचे ३.२ मीटर व्यासाचे एस-२०० बूस्टर आठवा. त्यांच्या केसिंगचे भाग इंदापूर तालुक्यात बनले. हे मॅरेजिंग स्टील. त्यात सुमारे १८ टक्के निकेल, कार्बन अगदी नावाला. आधी मऊ असताना त्याला आकार द्यायचा, वेल्ड करायचं, मग भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून कडक करायचं. साध्या पोलादाच्या तुलनेत प्रचंड महाग. पण साधं पोलाद वापरलं तर भिंत जाड होते, केसिंग जड होते आणि रॉकेटची ताकद स्वतःलाच उचलण्यात जाते. इथे महाग धातूच स्वस्त पडतो. ह्यूम पाइपला नेमका उलटा हिशोब लागू होता.

आपल्या हातात डिझाइनचं पुस्तक असतं, त्यात प्रत्येक धातूची ताकद आणि घनता छापलेली असते. किंमत मात्र छापलेली नसते, कारण ती कामावर ठरते. प्रोजेक्टला मटेरियल निवडताना मागच्या बॅचने घेतलं म्हणून माइल्ड स्टील, असं लिहून मोकळं होऊ नका. अंग किती जड, माल किती, चालवायला रोज किती खर्च आणि मोडलं तर दुरुस्त कोण करणार, हे चार रकाने आखा आणि आकडे भरा. व्हायवाला सर विचारतीलच.