वाळूला थांबवणारे इंजिनिअर

समुद्रकिनाऱ्यावर तुम्ही वाळूचा किल्ला केला असेल. तो सहज ढासळतो. पण हीच वाळू एखादे गाव गाडून टाकू शकते, हे तुम्हांला खरे वाटेल का?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर असे घडत होते. लाटा वाळू किनाऱ्यावर आणून टाकत. ती सुकली की वारा तिचे कण उडवून नेई. वाटेत झुडूप आले की वाऱ्याचा जोर कमी होई आणि वाळू तेथे साचे. अशा रीतीने वाळूच्या टेकड्या तयार होत. वारा एका बाजूची वाळू माथ्यावर नेई आणि ती पलीकडे घसरे. त्यामुळे टेकडी जमिनीकडे सरकत जाई. तिच्याखाली शेते आणि घरे गाडली जात. ओढ्यांचे पाणी अडून दलदल होई. सुलाक गावचे चर्चसुद्धा अठराव्या शतकात वाळूखाली गेले होते.

निकोला ब्रेमोंतिए यांचा जन्म १७३८ साली झाला. ते रस्ते व पूल बांधणारे सरकारी इंजिनिअर होते. बोर्दो येथे नेमणूक झाल्यावर त्यांनी हे संकट पाहिले. त्यांच्या आधीही काही जणांनी झाडे लावून वाळू अडवण्याचा विचार मांडला होता. ब्रेमोंतिए यांनी तो मोठ्या प्रमाणावर अमलात आणायचे ठरवले.

पण उडत्या वाळूत बी टिकणार कसे? १७८७ साली त्यांनी ला तेस्त गावाजवळ प्रयोग सुरू केला. पाइन वृक्षाच्या बियांबरोबर लवकर वाढणाऱ्या झुडपांचे बी पेरले आणि वर फांद्या अंथरल्या. फांद्यांमुळे बी उडाले नाही. झुडपांच्या आडोशाला पाइनची रोपे वाढली. त्यांच्या मुळांनी वाळू धरून ठेवली.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि काम रखडले. तरी ब्रेमोंतिए यांनी पाठपुरावा सोडला नाही. १८०१ साली सरकारने झाडे लावण्याचा हुकूम काढला. १८०९ साली ते वारले. पण काम चालूच राहिले. किनाऱ्यावर मोठे जंगल उभे राहिले. पाइनच्या डिंकावर अनेकांना रोजगार मिळाला.

मित्रांनो, वाळूची टेकडी ही माणसाची वैरी नाही. किनाऱ्यालगतची टेकडी लाटांपासून जमिनीचे रक्षण करते. तिच्यावरचे गवत उपटले, की वाळू पुन्हा चालू लागते. म्हणून किनाऱ्यावर गेलात, तर ते गवत तुडवू नका. ब्रेमोंतिए यांनी वाळू अडवली ती दगडी भिंतीने नव्हे, तर मुळांनी.