थोर व्यक्ती परिचय : दादोबा पांडुरंग तर्खडकर – इंग्रजी व्याकरण शिकता शिकता मराठीला व्याकरण देणारा शिक्षक



शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली की आपल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. गणित जमतं, बुद्धिमत्ता जमते, मराठीही जमते, पण इंग्रजीचं काय? दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. आणि नेमके तिथेच आपल्या मुलांचे गुण जातात.

माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच थोड्या गुणांनी राहिली. बाकी सगळं छान, इंग्रजीत घसरली. निकालानंतर तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, मराठीत शिकवलं म्हणूनच असं झालं. पुढच्या वर्षी तिला इंग्लिश मीडियमला टाकते." त्या माउलीला काय उत्तर द्यावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मग पुस्तकं चाळताना एका माणसाची ओळख नव्याने झाली. त्यांचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. आपण डी.एड.ला त्यांचं नाव एका ओळीत पाठ केलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. आज त्यांची सविस्तर ओळख करून घेऊया. विशेष म्हणजे त्यांचा आपल्या नगर जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे.

बालपण आणि शिक्षण

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणं मूळ वसईजवळच्या तर्खड गावचं, म्हणून आडनाव तर्खडकर. घरचं वातावरण वैष्णव भक्तीचं. पेशवाई संपली तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. म्हणजे इंग्रजी राज्य स्थिरावत गेलं आणि त्याच काळात हे मूल मोठं होत गेलं.

त्या काळी मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं जाई. दादोबा तिथे शिकले. आता जरा विचार करा. घरात कोणाला इंग्रजी येत नाही. गाइड नाही, क्लास नाही, मोबाइल तर नाहीच. इंग्रजांच्या मुलांसाठी लिहिलेली व्याकरणाची पुस्तकं समोर आणि तीच समजून घ्यायची. लिंडले मरे नावाच्या लेखकाचं इंग्रजी व्याकरण त्या काळी फार चालायचं. ते १७९५ साली निघालेलं. नाम म्हणजे काय, क्रियापद म्हणजे काय, वाक्याचे भाग कसे पाडायचे, हे दादोबांच्या पिढीने अशा पुस्तकांतून शिकून घेतलं.

इथेच त्यांचं वेगळेपण दिसतं. बहुतेक मुलं इंग्रजी शिकली, पास झाली आणि नोकरीला लागली. दादोबांच्या मनात मात्र तुलना सुरू झाली. इंग्रजी भाषेचे नियम असे नीट मांडता येतात, तर आपण रोज बोलतो त्या मराठीचे का नाही?

१८३६ : बावीस वर्षांच्या तरुणाचं पुस्तक

मराठीचं व्याकरण अगदीच नव्हतं असं नाही. विल्यम केरी यांनी १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं होतं. पण ते इंग्रजीत होतं आणि मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी होतं. मराठी मुलांना मराठीतून समजेल असं पुस्तक हवं होतं.

१८३६ साली दादोबांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झालं. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २२! आपल्यातले किती तरी जण त्या वयात डी.एड. करून नेमणुकीची वाट पाहत होतो.

या पुस्तकाचं महत्त्व काय? आज आपण पाचवीच्या मुलांना शब्दांच्या आठ जाती शिकवतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. ही आठाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरची आहे. संस्कृतात यास्कांनी चारच प्रकार सांगितले होते : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. इंग्रजीचे आठ भाग मराठीत रुजवण्यात दादोबांच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. म्हणजे बघा, आपला विद्यार्थी मराठी व्याकरण शिकतो तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा अर्धा रस्ता त्याने नकळत चालून घेतलेला असतो!

पण दादोबांनी नुसती नक्कल केली नाही. 'रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली' यात क्रियापद रामाकडे न बघता आंब्याकडे आणि पोळीकडे बघून बदलतं. इंग्रजीत असं होत नाही. तिथे आंबा असो की पोळी, क्रियापद एकच राहतं. म्हणून मराठीसाठी कर्तरी, कर्मणी, भावे या प्रयोगांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला.

पुस्तक एकदा छापून ते स्वस्थ बसले नाहीत. १८५० साली वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली आणि पुढेही सुधारणा करत राहिले. लहान मुलांसाठी १८६५ साली 'लघु व्याकरण' लिहिलं. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

शिक्षकांचे शिक्षक

दादोबा आधी काही काळ माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नवाबाचे शिक्षक होते. पुढे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी यांच्याबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. माणसं सगळी एक, जात मानू नये, ही त्यामागची भूमिका.

१८४६ च्या सुमारास ते मुंबईला परतले आणि नॉर्मल क्लासचे प्रमुख झाले. नॉर्मल क्लास म्हणजे गावोगावच्या शाळांसाठी शिक्षक तयार करणारा वर्ग. आपल्या डी.एड.चा पणजोबाच म्हणा ना! या वर्गाची जबाबदारी त्यांच्याआधी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. बाळशास्त्री १८४६ साली फार लवकर गेले.

मुंबईत परमहंस सभा सुरू झाली, तिच्यामागेही दादोबांचे विचार होते. सभासद गुप्तपणे जमत आणि जातिभेद मोडून एकत्र खात-पीत. बाहेर कळलं तर वाळीत पडायची भीती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली. विचार पटला तरी उघडपणे उभं राहणं किती अवघड होतं ते यावरून कळतं.

नगरचे डेप्युटी कलेक्टर

१८५२ साली दादोबा डेप्युटी कलेक्टर म्हणून आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. शिक्षकाचा अधिकारी झाला.

इथला एक प्रसंग मुलांना सांगताना मी नेहमी थांबतो. १८५७ साली नगर-नाशिकच्या पट्ट्यात भिल्ल बांधवांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. भागोजी नाईकांचं नाव आपल्याकडे आजही आदराने घेतात. हे बंड मोडण्याच्या कामाबद्दल इंग्रज सरकारने दादोबांना रावबहादूर केलं. जात मानू नये म्हणणारा हा माणूस त्या वेळी सरकारच्या बाजूने उभा होता. हे लपवू नये असं मला वाटतं. आपल्या कित्येक वर्गांत भिल्ल, ठाकर, महादेव कोळी समाजाची मुलं बसतात. थोर माणसाची ओळख करून देताना दोन्ही बाजू सांगितल्या तर मुलांचा आपल्यावर विश्वास बसतो.

इंग्रजीवर प्रेम असलेलं घर

दादोबांचे धाकटे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून इंग्रजी राज्याचे दोष दाखवले. सरकारची भाषा शिकून सरकारलाच जाब विचारला! दुसरे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे होते. १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ टागोर इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून आत्मारामांच्या घरी राहिले. त्यांना इंग्रजी शिकवलं आत्मारामांच्या मुलीने, अन्नपूर्णेने. विश्वकवीसुद्धा इंग्रजीच्या सरावासाठी मराठी घरात आला होता.

एक गल्लत टाळा. जुन्या लोकांनी ज्या तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाला' वाचून इंग्रजी शिकलं, त्या दादोबांच्या नाहीत. त्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या.

शेवटची वर्षं

दादोबांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. धर्मविचारावर इंग्रजीतही पुस्तक लिहिलं. आत्मचरित्र लिहिलं. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते गेले.

त्यांच्या व्याकरणावर टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यातल्या अनेक गोष्टींची चिकित्सा केली. १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून विषय आणखी पुढे नेला. मराठीला इंग्रजीच्या साच्यात बसवलं, असाही आक्षेप घेतला गेला. तो काही प्रमाणात खराही आहे.

आपल्या वर्गासाठी

दादोबांनी इंग्रजीकडून मराठीकडे रस्ता बांधला. आपण त्याच रस्त्याने उलट दिशेने जाऊ शकतो. मी वर्गात असं करतो :

१. आधी मराठी वाक्यात नाम, क्रियापद, विशेषण ओळखायला लावतो. मग तेच वाक्य इंग्रजीत. जात सहसा तीच राहते, फक्त जागा बदलते. 'मी शाळेत जातो' यात क्रियापद शेवटी, 'आय गो टू स्कूल' यात मध्ये.

२. 'टेबलाखाली' मध्ये 'खाली' नंतर येतं, 'अंडर द टेबल' मध्ये 'अंडर' आधी येतं. मुलं हे हाताने वस्तू ठेवून दाखवतात, मग विसरत नाहीत.

३. जे मराठीत नाहीच ते वेगळं सांगतो. 'अ, अ‍ॅन, द' मराठीत नाहीत. म्हणून तिथे चूक होणारच, रागावू नये.

४. 'आय अ‍ॅम गो' असं मूल लिहितं तेव्हा नुसती लाल फुली मारत नाही. 'मी आहे जातो' असं मराठीत म्हणशील का, एवढंच विचारतो. मूल हसतं आणि स्वतःच दुरुस्त करतं.

माझ्या लहानपणी मला व्याख्या पाठ करायला लावल्या होत्या. व्याख्या आल्या, इंग्रजी आलं नाही. कारण माझ्या भाषेशी त्याचा काही संबंध आहे हे कोणी सांगितलंच नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही पालकांना वाटतं, मराठी सोडली तरच इंग्रजी येईल. दादोबांचं आयुष्य वेगळं सांगतं. त्यांना दोन्ही भाषा आल्या, कारण त्यांनी एकीच्या मदतीने दुसरी समजून घेतली.

त्या मुलीची आई परत भेटली तेव्हा मी तिला वहीतल्या दोन ओळी दाखवल्या. वर मराठी, खाली इंग्रजी, आणि मुलीने स्वतः काढलेले बाण. माउली बराच वेळ बघत राहिली. मुलगी अजून आपल्याच शाळेत आहे. पुढच्या परीक्षेचं काय होईल ते सांगता येत नाही, पण आता ती इंग्रजीचा पेपर बघून घाबरत नाही.

शिक्षक मित्रांनो, उद्याच्या तासाला एक वाक्य असं दोन ओळींत लिहून बघा. आणि पालकहो, मुलाशी घरी भरपूर मराठी बोला. ते इंग्रजीलाही उपयोगी पडतं.