करुणेचा कारभारी : कराचीचे पहिले महापौर जमशेद नसरवानजी मेहता

अहिंसा हा जैन धर्माचा प्राण आहे, ही शिकवण आपणा सर्वांस बालपणापासून लाभली आहे. पाणी गाळून पिणे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे, पाखरांना दाणे टाकणे, पांजरपोळास यथाशक्ती देणगी देणे, हे संस्कार हिंगोली जिल्ह्यातील जैन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. शिरड शहापूरच्या भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास जाणारा प्रत्येक श्रावक हीच भावना मनी घेऊन परत येतो. परंतु घराच्या उंबरठ्याआत पाळली जाणारी ही करुणा एखाद्या मोठ्या शहराच्या कारभारात उतरू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक थोर जीवन आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात वाचकांपुढे ठेवीत आहे. हे सद्‌गृहस्थ जन्माने जैन नव्हते, पारशी होते. तथापि त्यांचे आचरण कोणाही श्रावकास आदर्श वाटावे असे होते.

जमशेद नसरवानजी मेहता यांचा जन्म ७ जानेवारी १८८६ रोजी कराची येथे एका संपन्न पारशी व्यापारी कुटुंबात झाला. त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती, तर दूरचे कराची हे मुंबई इलाख्याचा भाग होते. १९३६ साली सिंध प्रांत वेगळा होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईशी जोडलेला राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहराची वस्ती जेमतेम सव्वा लाख होती. पंजाबचा गहू व कापूस या बंदरातून परदेशी जाई आणि त्या व्यापारावर शहर झपाट्याने वाढत होते. गुजराती, कच्छी, सिंधी, पारशी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे नांदत होत्या. त्यांत जैन बांधवही होते आणि त्यांचे मंदिरही होते.

शिक्षणानंतर जमशेदजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. जमाखर्च चोख ठेवणे, दिलेला शब्द पाळणे आणि दुसऱ्याच्या पैशास आपल्या पैशाहून अधिक जपणे, हे पेढीवरचे धडे त्यांना पुढे सार्वजनिक जीवनात उपयोगी पडले. १९११ च्या सुमारास ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. डॉ. ॲनी बेझंट यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. सर्व धर्मांतील सत्य एकच आहे आणि सर्व जीव एकाच सूत्रात गुंफलेले आहेत, ही श्रद्धा दृढ झाली. ते कडक शाकाहारी होते. त्यांनी विवाह केला नाही. राहणी अत्यंत साधी ठेवली. धनाची कमतरता नसताना गरजा कमी करीत जाणे, यालाच आपण अपरिग्रह म्हणतो.

बेझंटबाईंच्या होमरूल चळवळीत कराचीतून त्यांनी पुढाकार घेतला. १९१८ साली ते कराची नगरपालिकेचे सदस्य झाले. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर थैमान घातले होते. नगरसेवकाचे काम सभागृहातील भाषणांपुरते नसते, हे त्या वर्षाने दाखवून दिले. १९२२ साली जमशेदजी नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढे सुमारे अकरा वर्षे त्या पदावर राहिले. १९३१ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कराचीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही नगरपालिकेची धुरा त्यांच्याच हाती होती. १९३३ साली नव्या कायद्याने कराचीस महापौरपद मिळाले आणि शहराचे पहिले महापौर होण्याचा मान त्यांच्याकडे आला. १९३४ मध्ये टीकमदास वधुमल हे त्यांच्या जागी महापौर झाले. पुढील वर्षांत हिंदू, मुस्लिम, पारशी व ख्रिस्ती असे सर्व समाजांचे गृहस्थ त्या खुर्चीवर बसले. ही खुर्ची कोणा एका जमातीची नाही, ही परंपरा प्रारंभीच रुजली.

त्यांच्या कारकिर्दीत कराचीचे रूप पालटले. रस्ते रुंद व स्वच्छ झाले, नव्या वसाहती आखल्या गेल्या. बंदर रोडवरील नगरपालिकेची भव्य इमारत १९३२ मध्ये वापरात आली. मध्यमवर्गीयांना स्वतःचे घर मिळावे यासाठी वसलेली जमशेद क्वार्टर्स ही वसाहत त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मातोश्री गुलबाई यांच्या स्मरणार्थ त्यांनी प्रसूतिगृह उभारले. अंध व्यक्तींच्या सेवेचे कार्य, सहकारी चळवळ, बालवीर पथके अशा अनेक कामांना त्यांनी वेळ व धन दिले.

मात्र जमशेदजी लोकांच्या मनात राहिले ते एका लहानशा प्रसंगामुळे. सिंधमधील पत्रकार व राजकारणी पीर अली मुहम्मद राशदी यांनी तो आपल्या आठवणींत नोंदविला आहे. १९३० च्या सुमारास बंदर रोडवरून एक गृहस्थ जखमी गाढवाची दोरी धरून पायी चालले होते. त्यांची मोटार मागून हळूहळू येत होती. ते होते नगरपालिकेचे अध्यक्ष जमशेदजी. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत ते तसेच चालत गेले. मुक्या जीवास वेदना कमी व्हाव्यात अशी त्यांनी डॉक्टरांस विनंती केली आणि मलमपट्टी होईपर्यंत ते गाढवाच्या अंगावरून हात फिरवीत उभे राहिले. उपचाराचा व चाऱ्याचा खर्च त्यांनी स्वतःवर घेतला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गाढव बरे होईपर्यंत त्यास कामास जुंपू नये म्हणून मालकाची बुडणारी मजुरीही त्यांनी देऊ केली.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. जनावरावर दया करताना त्याच्या गरीब धन्याच्या पोटाचा विचार बहुधा राहून जातो. मालकाच्या घरची चूल विझली, तर उद्या तोच जखमी जनावरास पुन्हा ओझ्याखाली घालणार, हे व्यापारात मुरलेल्या जमशेदजींनी ओळखले होते. त्यांच्या करुणेस हिशोबाची जोड होती, म्हणूनच ती टिकाऊ ठरली. आपल्याच जिल्ह्यातील नर्सीचे संत नामदेव भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. भाव तोच, फक्त येथे धावणारा एका महानगराचा प्रथम नागरिक होता.

१९३७ साली ते सिंध विधानसभेवर निवडून गेले. सत्तेच्या राजकारणापेक्षा सेवाकार्यातच त्यांचे मन अधिक रमले. त्यानंतर आली ती सर्वांत कठीण परीक्षा. १९४७ च्या फाळणीने त्यांनी वाढविलेले शहर दुभंगले. हजारो हिंदू व जैन कुटुंबे पिढीजात घरे, पेढ्या व मंदिरे मागे ठेवून निघाली, तर भारतातून लाखो निर्वासित तेथे येऊन पोहोचले. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगली उसळल्या. ज्या शेजाऱ्यांसाठी आयुष्य वेचले ते एकमेकांस परके झाल्याचे पाहणे, याहून मोठे दुःख त्या वृद्ध सेवकास कोणते असणार? तरीही त्यांनी कराची सोडली नाही. जाणाऱ्यांचे अश्रू पुसण्याचे व येणाऱ्यांस आधार देण्याचे काम धर्म न विचारता ते करीत राहिले. १ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. पाकिस्तान सरकारने १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

ज्या एकोप्यासाठी ते झटले तो एकोपा त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला, मग त्यांचे जीवन निष्फळ म्हणावे काय? कर्मसिद्धान्त मानणारा आपला समाज असे म्हणणार नाही. शुद्ध भावाने केलेले कर्म वाया जात नाही. रस्ते, प्रसूतिगृह व वसाहती यांचा लाभ पुढे त्यांनाही मिळाला, ज्यांनी जमशेदजींना कधी पाहिले नव्हते.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट स्थापिला, तेव्हा त्यांनीही न पाहिलेल्या पिढ्यांसाठीच तिजोरीत पहिला रुपया टाकला. विश्वस्त हा धनाचा मालक नसतो; तो केवळ राखणदार असतो. पै-पैचा हिशोब चोख असावा आणि त्या हिशोबात मुक्या जनावरापासून त्याच्या गरीब धन्यापर्यंत सर्वांची नोंद असावी, एवढा बोध आपण या चरित्रातून घेतला, तर सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.